सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट: तपासतात काय, आणि टाकीत पाणी येतं कुठून?

चौथा_गिअर
गाडीवरच्या सीएनजीच्या माहितीपट्टीवरची (कम्प्लायन्स प्लेट) टेस्टची तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं विचारायचं आहे.
१) दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? की नुसता शिक्का?
२) टेस्टला उघडलेल्या टाक्यांतून कधी गंज, कधी काळपट चिकट गाळ निघतो म्हणतात. गॅस कोरडा असतो ना? मग हे येतं कुठून?
३) टाकी तीच, ६० लिटरची. एकदा साडेआठ किलो जातो, एकदा सात. पंपावर मापात पाप आहे का?

झडप
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. शिक्का मारतात, पण सगळ्यात शेवटी.

टाकी उतरवायच्या आधी ती रिकामी लागते. त्या दिवशी गाडी गॅसवरच पळवून काटा तळाला आणलेला बरा. नाहीतर उरलेला गॅस हवेत सोडतात. पैसे जातातच, शिवाय सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो.

मग व्हॉल्व्ह काढतात आणि टाकी बाहेरून घासून बघतात. नजर जाते ती पट्ट्यांखाली. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते त्यांच्याखालचं रबर फाटलं की तिथे पाणी आणि धूळ साचते. बाहेरून गंजलेल्या टाक्यांत बहुतेकदा हाच पट्टा दोषी असतो, उरलेली टाकी चकचकीत असते. त्यानंतर आत दिवा किंवा कॅमेरा सोडून तळ बघतात, कारण पाणी आणि गाळ तळाशीच बसतो. मानेचे आटे गेजने तपासतात.

पुढे वजन. टाकीच्या खांद्यावर मूळ रिकामं वजन कोरलेलं असतं. त्यात ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली तर टाकी बाद, असं गॅस सिलिंडर नियमांतच आहे. ६२ किलोच्या टाकीचे तीन किलो शंभर ग्रॅम गेले म्हणजे तेवढं पोलाद गंजून झडलं. बाद टाकी परत देत नाहीत, चेपून किंवा तुकडे करून टाकायची असते, आणि तुकडे असे की पुन्हा जोडता येऊ नयेत.

आता खरी हायड्रो टेस्ट. टाकीत काठोकाठ पाणी भरतात आणि ती पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या बंद भांड्यात सोडतात. टाकीतल्या पाण्याला पंपाने दाब देतात. किती, ते टाकीवरच कोरलेलं असतं. २०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) कामाचा दाब असलेल्या काही टाक्यांवर ३०० असतं, काहींवर ३३४. दाबाने टाकी फुगते (हो, पोलादही फुगतं). ती जेवढी फुगते तेवढं बाहेरच्या भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत वर चढतं. ६० लिटरच्या टाकीला हे ढोबळमानाने ३०० ते ३५० मिलिलिटर येतं. दाब किमान अर्धा मिनिट धरून ठेवतात आणि मग सोडतात. पोलाद ठणठणीत असेल तर नळीतलं पाणी जवळजवळ मूळ जागी येतं. जे खाली येत नाही ते कायमचं फुगलेपण. ते एकूण फुगण्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भरलं तर टाकी नापास. भिंत पातळ झाली असेल किंवा कधी आगीची धग लागून पोलाद मऊ पडलं असेल, तर ते इथे उघडं पडतं.

पाण्याने का, हवेने का नाही? पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. टाकी तडकली तर पाणी फसकन येतं आणि संपतं. हवेने केलं तर टेस्टिंगची शेडच जाईल.

हे काम पेसोच्या, म्हणजे आपल्या नागपुरात मुख्यालय असलेल्या स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, मान्यताप्राप्त केंद्रातच होतं. आणि एक गोष्ट घाईत राहून जाते: टेस्टनंतर टाकी गरम हवेने कोरडी करणं. दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

निळी_ज्योत
उरलेलं निम्मं मी देते. त्यासाठी गॅस निघतो तिथपासून यावं लागेल.

मुंबई हायचं तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. विहिरीतून वर येतं ते तेल, गॅस आणि पाण्याचं मिश्रण. समुद्रातल्या तेलफलाटावरच्या सेपरेटरमध्ये तिन्ही वेगळे करतात. पण वेगळा झालेला गॅससुद्धा पाण्याच्या वाफेने भरलेला असतो. तो तसाच समुद्राखालच्या नळात सोडला तर दोन दुखणी. एक, नळ आतून गंजतो. दुसरं म्हणजे हायड्रेट. दाबाखाली पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखे खडे तयार होतात, आणि त्यासाठी तापमान शून्यावर यायला लागत नाही. ७० बारच्या आसपास दाब असेल तर १० अंशांनाही ते जमतात आणि नळ तुंबतो. म्हणून गॅस आधी वाळवतात. एका उंच टॉवरमध्ये वरून ट्रायइथिलीन ग्लायकॉल सोडायचं, खालून गॅस. ग्लायकॉल पाणी पिऊन घेतं. मग ते ग्लायकॉल २०० अंशांच्या आसपास तापवून पाणी उडवतात आणि परत वर पाठवतात. त्याहून फार तापवलं तर ग्लायकॉलच बिघडतं.

मुंबई हायचा गॅस उरणला येतो. तिथे एलपीजी, नॅफ्था, इथेन-प्रोपेन असे जड घटक काढून घेतात आणि मुख्यतः मिथेन उरतो. वसईच्या क्षेत्रातल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तेलवाल्यांच्या भाषेत हा 'सावर' गॅस. तो समुद्राखालून गुजरातेत हजिऱ्याला जातो आणि तिथे अमाइनच्या द्रावणाने सल्फाइड धुऊन काढतात. आयात एलएनजीचा गॅस वेगळा. तो उणे १६२ अंशांना द्रव केलेला असतो, आणि द्रव करण्याआधी त्यातलं पाणी जवळजवळ शून्यावर आणावंच लागतं, नाहीतर यंत्रातच बर्फ. त्यामुळे दहेज-दाभोळचा गॅस मुळातच कोरडा.

थोडक्यात, शहराच्या वेशीवरच्या सिटी गेट स्टेशनला गॅस येतो तेव्हा तो बऱ्यापैकी कोरडा असतो. तिथे गाळून, दाब उतरवून, मोजून त्यात वास घालतात. मिथेनला स्वतःचा वास नाही. हवेत एक टक्क्याच्या आसपास गॅस झाला की नाकाला कळलं पाहिजे, इतका मरकॅप्टन जातीचा पदार्थ घालतात. गॅस पेट घेतो ५ टक्क्यांना, म्हणजे वास येतो तो पाचपट आधी.

मग पाणी कुठून? नवी लाइन टाकली की तिचीही पाण्याने हायड्रो टेस्ट होते. ती नीट वाळवली नाही तर पहिले काही महिने गॅस ते पाणी ओढत राहतो. आणि मुख्य गोष्ट दाबाची. पंपावर गॅस येतो पंधरा-वीस बारला. त्या दाबाला त्यातली वाफ गुपचूप वाफच राहते. तोच गॅस २५० बारला दाबून थंड केला की पाणी सुटतं. ओला स्पंज पिळल्यासारखं. म्हणून कॉम्प्रेसरच्या प्रत्येक टप्प्यानंतर कूलर आणि त्याखाली सेपरेटर असतो. त्याची निचऱ्याची तोटी वेळेवर उघडली नाही किंवा आपोआप उघडणारी तोटी अडकली, तर पाणी पुढे जातं.

काळा चिकट गाळ म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल. पिस्टनच्या कॉम्प्रेसरला वंगण लागतंच, त्याचा बारीक धूर गॅसबरोबर जातो. तो अडवायला कोअलेसिंग (बारीक थेंब एकत्र करून धरणारा) फिल्टर असतो. फिल्टरचा काडतूस भाग बदलायला उशीर झाला की तेल गाड्यांच्या टाक्यांत.

खिडकीजवळ
थोडंसं पाणी असलं तर एवढं काय होतं? टाकी तर जाड पोलादाची.

झडप
नुसत्या पाण्याने हळूहळू गंज चढतो, तीन वर्षांच्या टेस्टमध्ये तो पकडता येतो. भीती आहे ती पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आले तर. सीएनजीची टाकी क्रोम-मोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची असते, चांगली कडक. कडक पोलादात या जोडीमुळे हायड्रोजन शिरतो आणि दाबाखाली केसासारखी चीर वाढत जाते. तिला गंजासारखी जाडी खावी लागत नाही. त्यामुळे वजनात फरक नाही, बाहेरून काही दिसत नाही. दोघांपैकी एक नसला तर हे होत नाही. म्हणून सगळा भर गॅस कोरडा ठेवण्यावर असतो.

चौथा_गिअर
आणि तिसरा? मापाचा?

निळी_ज्योत
किलोच्या मापात सहसा पाप नसतं, कारण डिस्पेन्सरमधला मीटर वजनच मोजतो. थरथरणाऱ्या नळीतून गॅस जाताना तिला जो पीळ पडतो त्यावरून. दाब-तापमानाचा त्या आकड्याशी संबंध नाही. संबंध आहे तो टाकीत किती मावतो याच्याशी.

६० लिटर म्हणजे टाकीत मावणारं पाणी. २०० बार आणि १५ अंशांना तेवढ्या जागेत साधारण १० किलो मिथेन बसतो. २७ अंशांना सव्वानऊ. पण भरताना काय होतं? गॅस घाईने आत कोंबला की टाकीतला आधीचा गॅस दाबला जातो आणि तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं तसंच. आतलं तापमान ६० अंशांवर गेलं तर २०० बारला पावणेआठ किलोच होतो. डिस्पेन्सर २०० बार बघून थांबतो. तासाभराने टाकी निवली की काटा १७०-१७५ वर आलेला असतो. गॅस कुठे गेलेला नसतो.

दुसरं कारण पंपाचा प्रकार. ज्या पंपाला पाइपलाइन नाही तो डॉटर स्टेशन. तिथे पाइपलाइन असलेल्या मदर स्टेशनवरून ट्रकवर नळकांड्यांचा कॅसकेड येतो. ट्रक नुकताच लागला असेल तर पूर्ण दाब. शेवटी शेवटी १५० बारच मिळतो, म्हणजे ३० अंशांना सात किलोच्या आत. दाब वाढवणारा बूस्टर असलेल्या डॉटरवर हे कमी होतं. आणि तुमच्या टाकीत आधीचे २०-३० बार शिल्लक असतात, ते बिलात येत नाहीत.

पहाटे भरा, दाब चांगला असलेल्या पंपावर भरा. यापलीकडे उपाय नाही.

पाना_दहाचा
किटच्या बाजूने थोडं. टाकीतलं पाणी आणि तेल पुढे रिड्यूसरला आणि इंजेक्टरला त्रास देतं, आणि गाडीवाला टाकी सोडून बाकी सगळं बदलत बसतो.

रिड्यूसर २०० बारचा दाब दोनेक बारवर आणतो. दाब असा पडला की गॅस थंड होतो, तोही थोडाथोडका नाही, पन्नास-साठ अंशांनी. म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचं कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं किंवा त्या नळीत हवा अडकली तर रिड्यूसरवर पांढरं दहिवर धरतं. गॅसमध्ये ओल असेल तर आतल्या बारीक भोकात बर्फ. लक्षण ठरलेलं: सकाळी गॅसवर गाडी दहा मिनिटं चालते, चढाला झटके देते, बंद पडते, आणि पाच मिनिटं थांबलं की परत चालू. लोक प्लग बदलतात. बॉनेट उघडून रिड्यूसरला हात लावा. इंजिन तापलेलं आणि रिड्यूसर गार, तर कूलंटच्या दोन्ही नळ्या बघा. एक गरम आणि एक थंड म्हणजे प्रवाह नाही.

तेलाचं लक्षण वेगळं. गॅसवर आयडलिंग खडबडीत, पेट्रोलवर लोण्यासारखं. इंजेक्टरची सुई तेलकट गाळाने चिकटते. रिड्यूसर आणि रेल (इंजेक्टरांना गॅस वाटणारी नळी) यांच्यामधला कमी दाबाचा फिल्टर किटच्या पुस्तिकेप्रमाणे बदला. बहुतेक सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) किटना तो २० ते ४० हजार किलोमीटरला असतो. काढलेला फिल्टर फेकू नका, कापून बघा. पिवळसर तेल असेल तर पंप बदला, पाण्याचे थेंब असतील तर टाकी लवकर तपासा.

खिडकीजवळ
सीएनजी हवेपेक्षा हलका, वर उडून जातो, म्हणून एलपीजीपेक्षा सुरक्षित, हे सगळीकडे वाचतो. बरोबर ना?

झडप
उघड्यावर बरोबर. बंद गॅरेजमध्ये उलटं.

हिशोब करा. ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब, अडीच मीटर उंच गॅरेज म्हणजे ४५ घनमीटर. हवेत ५ टक्के मिथेन झाला की मिश्रण पेटू शकतं, १५ च्या वर गेलं की पेटत नाही. ४५ चे ५ टक्के म्हणजे सव्वादोन घनमीटर, म्हणजे दीड किलो गॅस. टाकीत नऊ असतो. आणि हा हिशोब गॅस सगळीकडे सारखा पसरला तर. प्रत्यक्षात तो छताशी जमतो, तिथे ५ टक्के त्याच्या कितीतरी आधी होतात, आणि ट्यूबलाइटही तिथेच असते. एलपीजीसाठी जमिनीलगत झरोका लागतो, सीएनजीसाठी छतालगत. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये बहुतेकदा दोन्हीपैकी एकही नसतो.

बाकी गुण खरे आहेत. मिथेन आपोआप पेटायला साधारण ५४० अंश लागतात, पेट्रोलला त्याच्या निम्मे. पण टाकीचा धोका आगीचा कमी आणि दाबाचा जास्त आहे. ६० लिटरमध्ये २०० बारला कोंबलेल्या गॅसची नुसती दाबाची ऊर्जा ढोबळ गणिताने अर्धा किलो टीएनटीएवढी येते, एक ठिणगी न पडता. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं ते याचसाठी. टाकीवर सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका भरून होत आल्यावर. "पाऊस आहे, बसू द्या" म्हणणाऱ्यांना आग दिसते, दाब दिसत नाही.

चौथा_गिअर
आग लागली तर टाकी फुटू नये म्हणून सेफ्टी असते ना?

झडप
असते. व्हॉल्व्हमध्ये साधारण ११० अंशांना वितळणारी गुडदी असते, जोडीला दाबाने फाटणारी चकती. वितळली की गॅस जोराने बाहेर पडतो, बहुतेकदा पेटलेल्या झोतासारखा, पण टाकी फुटत नाही. मर्यादा अशी की गुडदी एका टोकाला आणि धग दुसऱ्या टोकाला असेल, तर गुडदीला कळायच्या आत पोलाद तापून मऊ पडतं. म्हणून टाकीच्या जवळ आग असेल तर अग्निशमन यंत्र घेऊन शूरपणा करायचा नाही, लांब जायचं आणि अग्निशमन दलाला फोन करताना गाडी सीएनजीची आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

आग इंजिनकडे आणि लहान असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणं महत्त्वाचं. गॅस चालू ठेवून नुसती ज्योत विझवली तर गॅस साचत राहतो आणि पुन्हा पेटतो तेव्हा भडका होतो. चालू ज्योत त्यापेक्षा परवडली.

याच विषयात एक उपकथानक: डेंटिंग-पेंटिंग. रंग वाळवायच्या भट्टीत गाडी तापवतात. टाकीतला गॅस ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. भट्टीत गाडी घालण्याआधी टाकी उतरवा, निदान पूर्ण रिकामी करा. वेल्डिंगचंही तेच.

पाना_दहाचा
गळती शोधायची रीत, कारण माचिस पेटवून बघणारे अजून आहेत.

साबणाचं पाणी आणि ब्रश. साबण अमोनिया नसलेला घ्या. अमोनियाने पितळेच्या फिटिंगला बारीक चिरा पडतात, म्हणजे गळती शोधता शोधता नवी गळती तयार. टाकीचा व्हॉल्व्ह, भरायचा व्हॉल्व्ह, मधली प्रत्येक जोडणी, प्रेशर गेज, रिड्यूसर, या क्रमाने जा. गेजचा सांधा लोक विसरतात आणि गळतो तोच. बुडबुडा दिसला तर आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस इंजिन चालवून संपवा, मग पाना लावा. २०० बारवर फिटिंग आवळायचं नाही, एकदाही नाही. फेरूल (नट आवळला की नळीला घट्ट धरणारी कडी) एकदा नळीवर चावली की ती त्याच फिटिंगची. दुसऱ्या कंपनीचा नट तिच्यावर चढतो, आवळला जातो, आणि महिनाभराने सुटतो.

वास कुठे येतो त्यावरून निम्मं निदान होतं. डिकीत वास: टाकीच्या व्हॉल्व्हभोवतीची वास अडवायची पिशवी बघा. तिच्या नळ्या गाडीखाली उघडतात. पिशवीची क्लिप सैल असली की गॅस खाली न जाता डिकीत. पण पिशवी बसवून प्रकरण मिटवू नका, पिशवीत गॅस आला कुठून तेही शोधा. बॉनेटखाली वास: रिड्यूसरचा पडदा किंवा रबरी नळी. नोझल काढल्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फुसफुस: भरायच्या व्हॉल्व्हमधली उलट न जाऊ देणारी झडप कचऱ्याने अडकली आहे, किंवा पिनच्या प्रकारात ओ-रिंग गेली आहे. धुळीचं टोपण हरवलेल्या गाड्यांत हे हमखास.

उंच दाबाची नळी ६०० मिलिमीटरच्या आत पकडलेली हवी. हाताने हलवून बघा, सायलेन्सरकडे झुकत असेल तर लगेच क्लिप लावा.

उसाचा_रस
धाग्यात बायोगॅसचं कुणी काढलं नाही म्हणून. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, तयार होतो. केंद्राची 'सतत' योजना २०१८ ची. गाडीला सीएनजी आणि सीबीजी सारखेच, पण वर झडप यांनी पाणी आणि सल्फाइडच्या जोडीचं जे लिहिलं आहे ते इथे सगळ्यात जास्त लागू पडतं.

खिडकीजवळ
प्रेसमड म्हणजे मळीच ना?

उसाचा_रस
गावाकडे दोन्हीला मळी म्हणतात, त्यातून गोंधळ होतो. कारखान्याच्या कागदावरची मळी म्हणजे मोलॅसिस, ती डिस्टिलरीला जाते. प्रेसमड हा रस गाळल्यावर उरलेला काळा चोथा, शेतकरी खत म्हणून नेतात तो. १०० टन उसामागे तीन-चार टन निघतो.

साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन सीबीजी, हा धंद्यातला ठोकताळा. प्रेसमड पाण्यात कालवून हवाबंद टाकीत सोडतात. ३५ ते ३८ अंश राखायचे आणि पंचवीस-तीस दिवस द्यायचे. घाई केली तर आम्ल साचतं आणि मिथेन करणारे जिवाणू बसकण मारतात. दुसरी अडचण हंगामाची. गाळप चार-पाच महिने, प्लांट बारा महिने. उघड्यावर साठवलेला प्रेसमड आपणहून कुजून गॅस हवेत घालवतो, म्हणून ढीग दाबून, ताडपत्रीने झाकून ठेवावा लागतो.

कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन ५५-६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि हायड्रोजन सल्फाइड. आपल्याकडे साखर पांढरी करायला गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे इथल्या प्रेसमडमध्ये गंधक जास्त. आधी सल्फाइड लोहाच्या द्रावणात पकडायचा, मग कार्बन डायऑक्साइड पाण्याने धुऊन किंवा पडद्याने वेगळा करायचा, मग वाळवायचा, शेवटी दाबायचा. आयएस १६०८७ या मानकात मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४, ऑक्सिजन अर्धा टक्का, सल्फाइडसह एकूण गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत आणि ओल ५ मिलिग्रॅमच्या आत, असं आहे. प्लांटमध्ये पहिला बिघडतो तो सल्फाइडचा टप्पा, कारण लोहाचं द्रावण थकलं तरी गॅस येतच राहतो. मिथेनचा आकडा रोज बघतात, सल्फाइडचा मीटर बंद पडला तर आठ दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. हे उलटं हवं. मिथेन दोन टक्के कमी आला तर गाडीचं मायलेज पडेल, सल्फाइड जास्त गेला तर टाकी.

चौथा_गिअर
एलएनजीवर चालणारे ट्रक दिसतात, त्यांनाही हीच हायड्रो टेस्ट?

निळी_ज्योत
तो वेगळाच प्रकार. टाकी थर्मासची, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी, दाब सीएनजीच्या मानाने किरकोळ. धोका थंडीचा, आणि उभ्या गाडीत द्रव हळूहळू उकळून दाब वाढण्याचा. एक लक्षात ठेवण्यासारखं: एलएनजीला वास नसतो. वासाचं द्रव्य त्या थंडीत गोठतं, त्यामुळे तिथे नाकावर नाही, मिथेन सेन्सरवर भिस्त. याचा वेगळा धागा काढा.

झडप
सुटलेला एक मुद्दा: बनावट टाक्या. ऑक्सिजनच्या किंवा आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या टाक्या रंगवून विकतात. त्याहून वाईट म्हणजे एलपीजीची वेल्डिंग केलेली टाकी. एलपीजीला दहा-बारा बार पुरतात, तिथे २०० भरले की पहिल्यांदाच फाटेल. ओळखायचं असं: सीएनजीच्या पोलादी टाकीला कुठेच वेल्डिंगचा सांधा नसतो. खांद्यावर निर्मात्याचं चिन्ह, टाकीचा क्रमांक, मानकाचा क्रमांक, कामाचा आणि टेस्टचा दाब, मूळ वजन, पाण्याची क्षमता, बनवल्याची तारीख आणि पुढे प्रत्येक टेस्टची तारीख ठोकलेली असते. घासून पुन्हा ठोकलेल्या अक्षरांखाली पृष्ठभाग चपटा झालेला बोटाला कळतो. जुनी गाडी घेताना टाकीचा क्रमांक पट्टीशी, प्रमाणपत्राशी आणि आरसी बुकातल्या सीएनजीच्या नोंदीशी जुळवा.

आणि बसवणी. युरोपातल्या आर-११० या नियमात कारच्या टाकीच्या पकडीने गाडीच्या दिशेने वजनाच्या २० पट आणि आडवा ८ पट जोर सोसायचा असतो. भरलेली टाकी ७० किलोची धरली तर १४०० किलोचा झटका. आता टाकी डिकीच्या पातळ पत्र्याला वॉशरशिवाय दोन बोल्टांनी धरलेली बघा आणि विचार करा. पत्र्याखाली जाड प्लेट हवीच.

चौथा_गिअर
कळलं. टेस्टहून टाकी आल्यावर काय काय बघायचं? आणि पहिल्यांदा भरताना काही वेगळं?

पाना_दहाचा
केंद्रावर वजनाचा आणि फुगण्याचा आकडा मागा, नुसतं 'पास' नको. व्हॉल्व्ह चढवण्याआधी आत टॉर्च मारू द्या म्हणा, तळाशी ओलीची चमक दिसता कामा नये. पट्ट्यांखालचं रबर नवं घाला, जुनं परत वापरू देऊ नका. पट्टीवर नवी तारीख ठोकून घ्या.

टेस्टहून आलेल्या टाकीत हवा असते. ती नायट्रोजनने हाकलायची, मगच गॅस. पहिल्यांदा ४०-५० बारला थांबवून सगळ्या सांध्यांना साबणपाणी लावा, अर्धा तास थांबा, काटा हलला नाही तर पूर्ण भरा. नायट्रोजनमुळे पहिले काही किलोमीटर गाडी गॅसवर थोडी अडखळली तर घाबरू नका. दाब २५ बारच्या पुढे गेला की टाकीत त्याचा वाटा चार टक्क्यांवर येतो, पूर्ण भरल्यावर अर्ध्या टक्क्यावर. त्यानंतरही अडखळत असेल तर तो नायट्रोजन नाही, कूलंटच्या नळीत हवा राहिली आहे.